गाडीत दोन इसम

माणसांचा मत्सर सगळेच करतात. मी आधी एका बटणाचा केला, मग त्या बटणातून बोलणाऱ्या मुलीचा, आणि शेवटी सर्वण गावच्या एका क्रेनवाल्याचा. तिघांपैकी एकानंही माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. पण माझ्या मित्राला जे काही सांगायचं असायचं ते तो या तिघांना सांगायचा, आणि मी शेजारी डाव्या सीटवर पट्टा लावून गप्प बसलेला असायचो.

मित्राचं नाव लिहीत नाही. त्याची बहीण हळर्णला असते, ती हाती लागेल ते वाचते, आणि भावाबद्दल कुणी थट्टेनं लिहिलेलं तिला खपायचं नाही. थट्टा केल्याशिवाय तर त्याच्याबद्दल एक ओळ लिहिता येत नाही.

आम्ही दोघे गोव्यातल्या इब्रामपूरचे. नोकरीला दोघेही डिचोलीत, जमीनमोजणीच्या कचेरीत. तो सर्व्हेअर आणि मी कारकून. माझं लग्न झालं, त्याचं राहिलं. बाकी आमचं सगळं बरोबरच चाललं होतं: शाळा, नोकरी, केस पिकणं, गुडघे दुखणं.

सांगून ठेवणं हे त्याचं व्यसन होतं. विडी-दारूचं व्यसन परवडलं असतं, त्याला निदान वेळकाळ असतो. हा कचेरीत शिपायाला सांगून लघवीला जायचा. परसातल्या फणसाची फांदी तोडायची असली, तर आदल्या दिवशी फणसापाशी जाऊन त्याला तसं सांगून यायचा. सकाळी पाव विकणारा पोदेर सायकलचा भोंपू वाजवत आला की "आज चार पाव" म्हणायच्या आधी "परवा मी हळर्णाक जातंय, तेव्हा परवा हय थांबा नको" हे सांगून मोकळा व्हायचा. आणि सगळ्याच्या शेवटी ठरलेलं वाक्य: "सांगान ठेवलेला बरा."

आमच्या घरी संध्याकाळी यायचं असलं की तो ते सांगायला सकाळी यायचा. दारात उभ्यानं सांगून जाणं बरं दिसत नाही म्हणून बसायचा. बसला की चहा आलाच. संध्याकाळी पुन्हा यायचा, पुन्हा चहा. एकदा बायको वैतागून म्हणाली, "सांगूक येता तेव्हाय चाय, आणि येता तेव्हाय चाय. ह्येच्याकडे फोन नाय काय?"

फोन होता. पण फोनवर त्याचा विश्वास नव्हता. त्याचं म्हणणं असं, की आपण फोन करतो तेव्हा समोरचा माणूस भलत्याच कामात असतो. कुणी जेवत असतो, कुणी भांडत असतो. तो "हां, हां" म्हणतो, पण ऐकत नाही. "सांगाचा तर जो ऐकाक बसलोहा तेका सांगाचा," असं तो म्हणायचा. मी रोज सकाळी माझ्या फाटकापाशी त्याची वाट बघत उभा असायचो, ऐकायला मोकळाच असायचो, हे त्याच्या ध्यानात कसं आलं नाही, देव जाणे.

मग त्यानं गाडी घेतली.

म्हापशाच्या एका डॉक्टरांनी वापरलेली, परदेशी कंपनीची, राखाडी रंगाची गाडी. गावात तेवढी मोठी गाडी तेव्हा कुणाकडे नव्हती. मला वाटलं होतं तो गाडीच्या रंगाबद्दल, इंजिनाबद्दल बोलेल. तो मला आत बसवून वर आरशाच्या बाजूला बोट दाखवत राहिला. तिथं छताला एक लहानसं झाकण होतं आणि झाकणाखाली लाल बटण.

त्या बटणाची गंमत अशी होती. ते दाबलं की गाडीतच बसवलेल्या एका फोनवरून कंपनीच्या माणसांशी बोलता यायचं. गाडी कुठं आहे ते त्यांना तिकडे दिसायचं. अपघात झाला, एअरबॅगचे फुगे उघडले, तर न दाबताही ते आपणहून तिकडे कळवायचं, आणि मग कंपनीची माणसं अँब्युलन्सला आणि आपण दिलेल्या नंबरांवर फोन करायची. डॉक्टरांनी ते कधी वापरलं नव्हतं. त्यांना तशी वेळच आली नव्हती.

माझ्या मित्रानं ते पहिल्याच दिवशी दाबलं.

छतातून आधी इंग्रजी आलं, मग हिंदी, आणि थोड्या वेळानं एक मुलगी मराठीत बोलू लागली. "सर, आपण सुखरूप आहात ना? काही इमर्जन्सी आहे का?"

"नाय गो बाय," हा म्हणाला, "गाडी घेतलंय. सांगान ठेवतंय."

मग ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, सर."

संपलं. तिथं मी माझा मित्र घालवला. इतकी वर्षं तो जगाला सांगत फिरत होता, आणि जग "हां, हां" म्हणत होतं. "बरं झालं सांगितलंत" असं त्याला म्हणणारी ती पहिली. तो गाडीतून उतरला तेव्हा त्याचा चेहरा मुलगा झालेल्या माणसासारखा होता. "बघलंस?" मला म्हणाला. "थय माणूस बसलेलाच आसता. तेचा कामच ता, आमची वाट बघूचा." गावात त्या बटणाला सगळे बुतांव म्हणू लागले. "बुतांववालो इलो" अशी त्याची नवी ओळख झाली आणि ती त्याला आवडली.

आता या बुतांवाचा आणि आमच्या गावच्या राखणदाराचा संबंध सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यानंच झाला.

इब्रामपूरच्या शिवेवर राखणदाराची जागा आहे. देऊळबिऊळ नाही, झाडाखाली एक पाषाण. राखणदार रात्रंदिवस शीव फिरतो, गावच्या माणसाला परगावी जाताना सोबत करतो आणि परत आणून सोडतो. एवढं चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या नव्या वहाणा ठेवायची रीत आहे. गाडी घेतली की नारळ तिथंच फुटतो आणि गाऱ्हाणं तिथंच घातलं जातं. एकजण देवाला सगळं सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्यावर "व्हय म्हाराजा" म्हणतात. व्हय म्हणणारा नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात.

तर त्यानं नारळ ठेवला, नव्या वहाणा ठेवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. मी आणि शेजारचे दोघेतिघे व्हय म्हणायला होतो. हा म्हणाला, "बा राखणदारा म्हाराजा, आजपर्यंत तू माका डिचोलीपर्यंत सोबत केलंस. आता तुझे पाय थकले. आजपासून शिवेच्या भायर ह्या बुतांव बघतला. तुझी हद्द शिवेपर्यंत, फुडली ह्येची. भायरची जबाबदारी तुझ्याकडसून काढून ह्येच्याकडे देतंय, ती मान्य करून घी रे म्हाराजा!"

शेजारी व्हय म्हणाले. ते काय ऐकून थोडेच म्हणतात. मी मात्र चपापलो. देवाकडे मागायला जातात, हा देवाला रिटायर करून आला. पण तो हाडाचा सर्व्हेअर होता. कुठल्याही गोष्टीची हद्द ठरली नाही तर त्याला झोप लागायची नाही, आणि कचेरीतल्यासारखा चार्ज एकाकडून काढून दुसऱ्याकडे दिला नाही तर काम नीट झालं असं वाटायचं नाही.

आमचं रोजचं जाणंयेणं सुरू झालं. माझा पट्टा लागल्याचा आवाज कानावर आल्याशिवाय तो किल्ली फिरवायचा नाही. दोडामार्गाच्या अलीकडच्या वळणांवर समोर चिटपाखरू नसलं तरी हॉर्न. मागून येणारे टेम्पोवाले शिव्या घालत पुढे जायचे, तर हा त्यांना हात करायचा. गाडी इतकी सावकाश, की रस्त्याकडेला कुणाच्या काजूला मोहर आला, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, ते सगळं डिचोली येईपर्यंत मला पाठ व्हायचं.

बुतांव विनाकारण दाबू नये, असं त्या मुलीनं त्याला एकदा समजावलं. हा इतका हिरमुसला, की तिनंच पुढे सांगितलं, महिन्यातून एकदा चाचणी म्हणून दाबायला हरकत नाही. मग तो चाचणीचा दिवस आमच्या गाडीत सणासारखा उजाडू लागला. इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. शिवेच्या पलीकडे जाऊन गाडी कडेला घ्यायचा, झाकण उघडायचा आणि बटण दाबून पंचनाम्याच्या आवाजात सुरू व्हायचा: "इब्रामपुरातसून निघालंय. डिचोलीक जातंय. गाडयेत दोन इसम."

दोन इसम! त्यातला दुसरा इसम मी. शाळेत एका बाकावर बसलेला, त्याच्या आईला खांदा दिलेला मी, आणि त्या परक्या मुलीला माझं नावसुद्धा सांगण्यासारखं याला वाटलं नाही. पहिल्यांदा मी ते हसण्यावारी नेलं. पुढे ते शब्द आले की माझ्या कपाळावर आठी चढायची.

आणि ती मुलगी! तिकडे बरेचजण कामाला असणार, पण हा "ती सोलापूरची बाय आसा काय?" असं विचारायचा आणि तिच्याशी जोडून घ्यायचा. ती त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची. फणसाला यंदा किती धरले ते विचारायची. एका चाचणीच्या वेळी यानं तिला गाऱ्हाणं म्हणजे काय ते समजावलं, आणि पुढच्या महिन्यात यानं "बुतांवा म्हाराजा, वाटेर काय इडापिडा आसात ती दूर कर" म्हणताच छतातून स्वच्छ घाटावरचा आवाज आला, "व्हय महाराजा!"

तो इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माझ्याबरोबर तो तसा कधी हसला नव्हता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मलाही व्हय म्हणता येत होतं, जन्मापासून येत होतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

खरा घाव पुढेच बसला. एका चाचणीत ती म्हणाली, "सर, अपघात झाला तर आम्ही कुणाला फोन करायचा, ते नंबर एकदा तपासून घेते."

मी सरसावून बसलो. त्याला बहिणीखेरीज कुणी नाही. बहीण तिकडे हळर्णला, सासरच्या व्यापात. म्हणजे पहिला नंबर माझाच असणार. मी तर मनातल्या मनात, असा फोन आला तर आपण काय करू, तेही ठरवू लागलो होतो.

"पहिला नंबर सर्वणचा आहे, क्रेनवाले म्हणून," ती म्हणाली. "दुसरा तुमच्या बहिणीचा. काही बदल?"

"नाय," हा म्हणाला. "बरोबर आसा."

क्रेनवाला! एकदा मोजणीच्या कामावर असताना चिखलात रुतलेला टिपर या गृहस्थानं बाहेर ओढला होता, एवढीच त्यांची ओळख. तो याच्या घरी कधी आला नव्हता, याच्याबरोबर कधी जेवला नव्हता. आणि मरणाच्या दारात असताना याला तो हवा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी डिचोलीपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. त्यानं ते ओळखलंच नाही, तो आपला हॉर्न वाजवत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मी बसनं जायला लागलो. कारण विचारलं तर बशीत हवा खेळती असते असं सांगितलं. वाटलं होतं, वाईट वाटेल, घरी येईल, दोन शब्द बोलेल. हा पठ्ठ्या आपली गाडी घेऊन बशीच्या मागून यायला लागला. बस थांबली की हा थांबायचा. बस सुटली की सुटायचा. कंडक्टर मला म्हणाला, "तुमचो तो दोस्त पिसावलो काय ओ?" कचेरीत पोचल्यावर हा माझ्या टेबलापाशी येऊन विचारी, "बशीत बसताना कोणाक सांगितलंस काय?" मी फाईल उघडायचो.

ते रुसणं पावसाळा संपेपर्यंत चाललं, आणि अजूनही चाललं असतं. पण एक दिवस तो कचेरीत आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. फोनवर कंपनीचा निरोप होता, तो त्यानं माझ्यापुढे धरला. ज्या जुन्या नेटवर्कवर ते बटण चालत होतं, ते नेटवर्कच आता बंद होत होतं. त्यामुळे त्या काळातल्या गाड्यांची ही सेवा महिनाअखेर थांबेल, नव्या गाड्यांत नवी सोय आहे, आजवरच्या विश्वासाबद्दल आभार.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? सोलापूरची बाय जाणार, व्हय महाराजा जाणार, आणि क्रेनवाल्याच्या नंबराला कुणी विचारणार नाही. मी वरून लांब तोंड केलं आणि त्याच्याबरोबर पर्वरीच्या शोरूममध्ये गेलो. म्हणजे रुसवा मीच सोडला. त्याच्या बाजूनं तो कधी सुरूच झाला नव्हता.

शोरूममधला पोरगा गोड होता. "अंकल, ती टेक्नॉलॉजी आता जुनी झाली. भाग बदलून चालणार नाही. आणि आता हातात फोन असतो ना सगळ्यांच्या."

"ता खरा," हा म्हणाला. "पण बुतांवाचो चार्ज कोणाकडे दिल्यात?"

"चार्ज? बॅटरीचा?"

"बॅटरीचो नाय रे. जबाबदारीचो."

पोरानं माझ्याकडे बघितलं. मी नव्या गाड्यांकडे बघू लागलो.

परतीच्या वाटेवर तो वळणांवर हॉर्न वाजवायचंही विसरत होता. त्याची अडचण मला तेव्हा कळली, आणि ती कळायला इब्रामपूरचंच असावं लागतं. राखणदाराकडून शिवेबाहेरचा चार्ज यानं काढून घेतला होता, विधिवत, नारळ ठेवून. आता ज्याच्याकडे दिला तोच सुटणार. म्हणजे महिनाअखेरनंतर शिवेच्या बाहेर याचं कुणीच नाही. "मधीच हद्द उघडी पडतली मरे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी त्यानंच तोड काढली. बुतांव बंद पडायच्या आधी, ते चालू असताना, त्यानं आपल्या तोंडानं राखणदाराला चार्ज परत द्यायचा.

आदल्या दिवशी तो आमच्या घरी सांगायला आला. चहा झाला. म्हणाला, "उद्या सकाळी शिवेर ये. पंच म्हणान. पंचाशिवाय हद्दीचा काम होणा नाय."

पंच तर पंच. मी गेलो.

सकाळचं कोवळं ऊन होतं. पाषाणापुढे नारळ, नव्या वहाणा. गाडी बाजूला, चारही दारं सताड उघडी, म्हणजे आवाज देवापर्यंत पोचावा. त्यानं बटण दाबलं. तिला त्यानं आधीच सांगून ठेवलं असणार, कारण तिनं काही विचारलंच नाही. "बोला सर, ऐकतेय," एवढंच म्हणाली.

"बा राखणदारा म्हाराजा," यानं हात जोडले, "ह्या बुतांवान आजपर्यंत इमानान राखण केली."

"व्हय महाराजा," छतातून आवाज आला.

"आता तेचा काम संपला. तेका कोणी काढूक नाय, तेची वाटच बंद झाली."

"व्हय महाराजा."

"शिवेभायरची जबाबदारी ती आज तुझ्याकडे परत..." आणि खरखर झाली, आवाज तुटला. शिवेवर तसंही धड नेटवर्क नव्हतंच.

तो थांबला. देवापुढे वाक्य अर्धं राहिलेलं. मी इतके महिने दाबून ठेवलेलं ते माझ्या तोंडून निसटलं. "व्हय म्हाराजा," मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं.

तो गर्रकन वळला. "तू नको. तू पंच. पंचान मधी बोलाचा नसता."

आणि परत बटण दाबून तिची वाट बघत उभा राहिला. ती आली. त्यानं वाक्य पहिल्यापासून म्हटलं. तिनं व्हय म्हटलं. नारळ फुटला. "सर, सावकाश चालवा," ती म्हणाली. यानं तिला सोलापूरला फणसाचे गरे कसे पाठवायचे ते विचारलं. तिनं पत्ता दिला नाही. तसा द्यायची त्यांना परवानगी नसते, असं म्हणाली. मग छतातला आवाज कायमचा गेला.

गाडीत बसलो. पट्टा लावला. त्यानं किल्लीला हात घातला तेव्हा मात्र माझ्यानं राहवेना.

"माझो नंबर कित्या दिलंस नाय रे?" मी विचारलं. "इतक्या वर्षांत? त्या क्रेनवाल्याचो दिलंस, माझो नाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नवलानं. दोन आणि दोन किती, असं मी विचारल्यासारखं.

"तू गाडयेत आसतलंस मरे," तो म्हणाला. "गाडी दरयेत गेली तर तूय दरयेत. तुझो फोन थय खाली वाजान काय उपयोग? जो भायर आसा तेचोच नंबर दिवक होयो ना?"

आणि त्यानं गाडी सुरू केली. मी उरलेला रस्ताभर बाहेर बघत होतो. रस्ता मला धड दिसत नव्हता. मला इतकं बरं वाटत होतं, की त्या सोलापूरच्या मुलीलाही मी त्या दिवशी मनातल्या मनात सुखी राहा म्हटलं.

हे बरं वाटणं फार टिकलं नाही. माझा स्वभावच तसा. बुतांव गेल्यावर त्याला कुणाला तरी सांगायला हवंच होतं, आणि राखणदार उलट बोलत नाही. म्हणून तो रोज सकाळी क्रेनवाल्याला फोन करू लागला. गाडी सुरू करण्याआधी "इब्रामपुरातसून निघालंय, गाडयेत दोन इसम" आणि डिचोलीत गाडी लावल्यावर "पोचलंय." क्रेनवाला पलीकडून "बरा" म्हणायचा, दुसरं काही नाही. पण त्या बऱ्यानंही माझ्या पोटात दुखायचंच. मी सीटवर बसून त्याचा फोन संपायची वाट बघायचो.

मग एका लग्नाच्या दिवशी मी गेलो नाही. बायकोच्या भाचीचं लग्न सावंतवाडीला होतं. आदल्या संध्याकाळी त्याला म्हटलं, उद्या मी नाही. तो म्हणाला, "बरा झाला, सांगान ठेवलंस ता." आम्ही पहाटेच भाड्याच्या जीपनं निघालो. त्या सकाळी गाडी चालवता चालवता त्याच्या छातीत कळ आली. मला कळलं ते मांडवात, हातात पानाचा विडा असताना.

बाराव्या दिवशी हळर्णला त्याच्या बहिणीकडे गेलो. ओटीवर माणसं बसली होती. त्यात एक काळासावळा, जाडजूड माणूस कोपऱ्यात उभा होता. बसा म्हटलं तरी बसत नव्हता. कुणीतरी म्हणालं, हे सर्वणचे क्रेनवाले. मी इतकी वर्षं ज्याचा दुस्वास केला तो माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. तो सरळ माझ्याकडे आला.

"इब्रामपूरचे ते तुमीच?"

"हो."

"त्या दिवशी तुमी खय होतास?"

त्याचा सूर भांडणाचा होता. मी म्हटलं, लग्नाला गेलो होतो.

"लग्नाक," तो म्हणाला. मग बोलायला लागला. "माका तेचो फोन इलो. रोजच्यासारखो. निघालंय म्हणालो. गाडयेत दोन इसम म्हणालो. पोचलंय म्हणान फोन येवक नाय, तसो मी क्रेन घेवन निघालंय. वळणार गाडी करवंदीच्या जाळयेत घुसलेली. तो सीटारच होतो, गेलेलो. तुमच्या बाजूचा दार उघडा. माका वाटला, तुमी भायर फेकले गेल्यात. मी आणि माझी माणसां तुमका सोदीत रवलंव. जाळयेत बघला, खाली व्हाळात उतरान बघला. पोलीस म्हणाले, अरे एकच माणूस होता, चला आता. मी म्हटलंय, नाय. तो माणूस उगाच बोलूचो नाय. दोन म्हणालो तर दोनच."

त्यानं आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. तळव्यांवर, मनगटांवर, पार कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे होते, सुकून काळे पडलेले. तो मला हाका मारत फिरला होता, तर कुठल्या नावानं हाका मारल्या असतील, असं माझ्या मनात आलं. माझं नाव त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

"तुमी गाडयेत नाय होतास," तो म्हणाला, "तर तेणां तसा सांगाक नको?"

ओटीवरची माणसं आमच्याकडे बघत होती. आतून बहीणही दारात आली होती, भावाचं शेवटचं सांगणं खरं की खोटं ते ऐकायला.

"होतो," मी म्हटलं. "गाडयेतच होतो."